मंगळवारचा अर्धा तास

साडेसातला, उपाशीपोटी,
साखर पेठेतल्या लॅबच्या बाकावर मी पहिली.
"चहासुद्धा नाही ना घेतला, मावशी?"
दंडाला रबर आवळत तौफीकनं विचारलं.
फक्त चूळ भरली, म्हटलं.
हे रक्त सकाळीच घ्यायचं म्हणे.
पोटात घास गेला की आकडा खाली सरकतो,
खोटं बोलायला लागतो.

मनगट मोडलं ते पाण्याच्या दिवशी.
पाचव्या दिवशी नळ आला, बॅरल भरलं,
ओल्या फरशीवर पाय गेला, हात टेकवला.
नरसम्मा म्हणाली, एवढ्याशानं?
एवढ्याशानंच.

उपासे डॉक्टरीणबाईंनी दोन कागद मांडले.
एक त्या आडव्या मशीनचा : उणे तीन पूर्णांक एक.
दुसरा रक्ताचा : सातशे ऐंशी.
त्यांनी बँकेचं पासबुक समजावलं, जमा आणि खर्च.
माझ्या पासबुकात कधी दुसरं पान उलटलंच नाही,
मला काय कळणार?
मग मीच म्हटलं, थांबा बाई.
बत्तीस वर्षं कांड्या भरल्यात मी, भवानी पेठेत.
हा पहिला कागद म्हणजे गोदाम,
किती चादरी शिल्लक ते सांगणारा.
आणि हा रक्ताचा म्हणजे
रात्री कुलूप लावल्यावर आत कुणीतरी
विणलेलं उसवतंय, त्याचा वेग.
बाई हसल्या नाहीत.
पेन खाली ठेवून म्हणाल्या, "हेच. पण उसवणारा चोर नाही.
जुनं काढल्याशिवाय नवं बसत नाही.
तुमच्याकडे त्याचा हात फार चालतोय, इतकंच.
शिवाय मनगट सांधतंय, त्याचीही धावपळ या आकड्यात आहे,
तेव्हा सगळा भरवसा याच्यावर नको."

उपाय चार निघाले.
आठवड्याची गोळी.
वर्षातून एकदा शिरेतून सलाईन, आधी दात तपासून.
सहा महिन्यांची सुई, तिची तारीख चुकवायची नाही,
चुकली तर कमावलेलं झरझर जातं.
आणि रोजची सुई, जी खरोखर नवं विणते,
तिची किंमत ऐकून राजय्या
खिडकीबाहेरचा लिंब बघत राहिला.
आम्ही गोळीवर आलो.

मंगळवार धरला. रूपाभवानीचा उपास असतोच.
पेलाभर साधं पाणी, गोळी,
मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही, वाकायचं नाही,
चहा नाही, औषधही दुसरं नाही.
उभं राहणं मला नवीन नाही.
पण नुसतं उभं? हातात काही नसताना?
पहिल्या मंगळवारी तीनदा केरसुणीकडे गेले.

तीन महिन्यांनी पुन्हा तौफीक, पुन्हा रबर.
सातशे ऐंशीचे तीनशे वीस.
मी पैसे साठवून विणणाऱ्याचाही कागद काढला होता,
पहिल्या वेळीही, आताही.
तोही उतरलेला.
माझ्या पोटात धस्स झालं : बाई, हा का थांबला?
त्या बोलायच्या आत राजय्या बोलला,
गिरणी बंद पडल्यापासून
गिरणीचं नाव न काढणारा राजय्या :
"एकाच शाफ्टवरचे पट्टे गं.
एकाला दाबलं की दुसराही सावकाश होतो."
बाई म्हणाल्या, "आधी उसवणं मंदावतं, मग विणणं.
मधल्या काळात तुमची चादर जरा भरते.
पाच वर्षांनी थांबून बघू."

पाच वर्षं. मी तेव्हा अडुसष्टची.

आज मंगळवार.
खिडकीत उभी आहे. कोपऱ्यावरच्या कारखान्यात
लूम सुरू झालेत, खटक खटक,
आणि बरं झालेलं मनगट आपसूक फिरतंय,
हवेतली एक कांडी भरत.
अजून नऊ मिनिटं.
राजय्यानं माझा चहा कपात ओतलाय,
वर बशी झाकून ठेवलीय,
आणि घड्याळाकडे तोच बघतोय.